त्या एकोणीस मिनिटांविषयी

वामन,

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले, आणि तुझा उत्सव काल पार पडला. तुझा म्हणतो, कारण वाडीत अजून सगळे तसेच म्हणतात. मांडव सोडणाऱ्या माणसानेही आज सकाळी मला विचारले, "वामनरावांचा मांडव आजच काढायचा ना?" मी हो म्हटले. तू नाहीस हे त्याला सांगायला पाहिजे होते, पण त्याच्या हातात सुंभाच्या गाठी होत्या.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाले का, हे तू पहिल्याने विचारले असतेस. मी रागावावे म्हणून. तर नवांपैकी सात ठरल्याप्रमाणे झाले. दोन बदलले, आणि ते दोन्ही मीच बदलले. हस हवे तेवढे.

आपण अकरा वर्षे हा उत्सव केला. पाडव्यापासून नवमीपर्यंत नऊ दिवस, म्हणजे एकंदर नव्व्याण्णव कार्यक्रम. त्यांतले फळ्यावर लिहिल्याप्रमाणे पार पडले ते एकसष्ट. उरलेल्या अडतीस वेळा तू धापा टाकत वाडीच्या तोंडाशी यायचास, धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात कुणाचा तरी हात, आणि ओरडायचास, "सदू, पूस! पूस ते! हे आले बघ!" मी सकाळी अर्धा तास खपून वळणदार अक्षरात लिहिलेले नाव पुसायचे आणि जो कोण आला असेल त्याचे लिहायचे. एकदा मी चिडून म्हणालो होतो, "फळ्यावर लिहिलं म्हणजे शब्द दिला, वामन." तू पान चघळत म्हणालास, "मग दगडावर कोरायचं होतंस. खडू कशाला घेतलास?"

खरे सांगायचे तर त्या अडतीसांपैकी निम्म्याहून अधिक कार्यक्रम ठरलेल्यांपेक्षा सरस झाले. हे मी तुला कधी सांगितले नाही. मृदंगवाल्याच्या बोटाला नखुरडे झाले त्या वर्षी तू वरळीच्या कोळीवाड्यातून पांडू नावाच्या माणसाला घेऊन आलास. लग्नात ढोलकी वाजवणारा माणूस, मृदंगावर काय बसणार, असे मी म्हणालो. पाव घटकेत बुवांनी कीर्तन थांबवून त्याचे नाव विचारले आणि त्याला पुढे, आपल्या उजव्या हाताशी बसवले. तू मांडवाच्या त्या टोकाला उभा होतास. माझ्याकडे पाहून नुसती भुवई उडवलीस. मी मान फिरवली. तेव्हा मान डोलवायला पाहिजे होती.

पण मी आज लिहायला बसलो आहे ते गेल्या वर्षीच्या नवमीबद्दल. आपले जे भांडण अर्धे राहिले त्याबद्दल.

सगळे जसे घडले तसे लिहितो. रविवार होता. सकाळी साडेआठला निरोप आला की नागावकरबुवांचा घसा पार बसला आहे, जन्माचे कीर्तन होणे नाही. मी म्हटले, आपल्या पुजाऱ्यांनी पोथी वाचावी आणि बाराला जन्म करावा. तू तोवर व्हिक्टोरियात चढलाही होतास. सव्वादहाला परत आलास, आणि बरोबर लालबागचा सखाराम. परळच्या रेल्वे कारखान्यात मुकादम, मालवणकडचा, चाळीत भजन करणारा. आपल्या मंदिरात जन्माच्या कीर्तनाला असा माणूस कधी उभा राहिला नव्हता. मंदिराचे पंच धोंडोपंत मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "काय हो हे? लोहारकामातला माणूस रामजन्म करणार?" मी त्यांना म्हणालो, "आता नाव लिहिलं आहे, इलाज नाही." माझे उत्तर इतकेच होते. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

सखाराम उभा राहिला आणि मांडव शांत झाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. पण कौसल्येच्या डोहाळ्यांचे तो सांगू लागला तेव्हा बायकांकडे पंखे हलायचे थांबले. चैत्राचे ऊन, वरती नुसते कापड, चारशेच्या वर माणूस, आणि पंखे थांबलेले. रिवाजाप्रमाणे त्याने आपले घड्याळ समोर चौरंगावर ठेवले होते. जन्माच्या कीर्तनात वेळ बुवांच्या घड्याळाची असते. ते कुणी तपासत नाही. त्या घड्याळात बारा वाजले, त्याने हात वर केले, "जन्मले!" म्हणाला, आणि गुलाल उडाला. बायका पाळण्याच्या दोरीला हात लावायला उठल्या.

माझ्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

त्याचे घड्याळ रेल्वेच्या वेळेवर चालणारे, म्हणजे मद्रासच्या. आपल्या मुंबईच्या वेळेच्या बरोबर अर्धा तास पुढे. कारखान्यात रोज तीच वेळ पाहायची सवय. घाईत घरून निघालेला माणूस, त्याच्या ध्यानात आले नाही. तुझ्याही नाही. ध्यानात आले ते माझ्या एकट्याच्या. मी उभा राहिलो आणि भर मांडवात ओरडलो, "थांबा! थांबा! अजून तीस मिनिटं आहेत! मुंबईचे साडेअकरा झालेत!"

मागून कुणीतरी म्हणाले, "अहो, राम काय आगगाडीनं यायचा होता?" आणि सगळा मांडव हसला.

सखारामच्या कपाळावर, भुवयांवर गुलाल होता. त्याने खाली वाकून घड्याळ पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. पुढे पुजाऱ्यांनी बाराला मंत्र म्हणून पुन्हा जन्म केला, दुसऱ्यांदा गुलाल उडाला, सुंठवडा वाटला गेला. जन्म करणाऱ्या बुवाला शेवटी हार घालायचा आपला रिवाज. तो हार खुंटीलाच राहिला, कारण जन्म कुणी केला हेच कुणाला सांगता येईना. पाळणा चालू असताना सखारामने टाळ फडक्यात बांधले, देवापुढे जमिनीला हात लावला आणि बाजूच्या दाराने गेला. तू त्याच्या मागे धावलास. परत आलास तेव्हा तुझे तोंड मी कधी पाहिले नव्हते तसे होते.

"गुलाल पडला, बायका दोरीला उठल्या, जन्म झाला होता सदू. तू कोण थांबवणारा?"

"बारा म्हणजे बारा."

"देव घड्याळ बघून येत नाही."

"मग एरवी बाराला कशाला करतो आपण? चारला करू. उन्हं उतरल्यावर."

"तू लालबागला जा. त्याला भेटून ये."

"कशासाठी? माझं घड्याळ चुकलं होतं का?"

यावर तू वळून मांडवात निघून गेलास. मला वाटले, मी जिंकलो.

त्यानंतर वर्षभर तू मला तेच विचारत राहिलास. ट्रामच्या थांब्यावर, माझ्या ओसरीवर, एकदा तर माझ्या भाच्याच्या मुंजीत, पंगतीत वाढता वाढता: "काय रे, लालबागला जाऊन आलास का?" आवाजात राग नसायचा. भाजी आणलीस का असे विचारावे तसे विचारायचास. मी दर वेळी म्हणायचो, "माझी वेळ बरोबर होती." तू "बरं" म्हणायचास आणि दुसरे बोलायला लागायचास. आठवून पाहिले, अशा चौदा वेळा भरतात.

माघात तुझ्या छातीचे दुखणे सुरू झाले. काशीवहिनी मला पायरीवर गाठून म्हणाल्या, "भावोजी, त्यांना जास्त बोलायला लावू नका." म्हणून मी येऊन नुसता बसायचो. तू उशीला टेकून यंदाच्या उत्सवाची नावे सांगायचास, मी लिहून घ्यायचो. शेवटच्या दिवशी आपण नवव्या दिवसापर्यंत आलो. नागावकरबुवांचा घसा आता बरा आहे, तेच येतील, असे तू सांगितलेस. मी लिहिले. मग मी वाट पाहिली, की आता तू विचारशील. तू माझ्या हातातला कागद घेतलास, वाचलास, माझ्या अक्षरावरून बोट फिरवलेस आणि परत दिलास. विचारले नाहीस. जिना उतरताना मला हायसे वाटले, वामन. हे लिहायला जड जाते आहे, पण वाटले. तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनींचा निरोप आला.

तुला ठाऊक आहे, मी दर वर्षी जन्माची वेळ एका लहान वहीत टिपून ठेवतो. तुझ्या तेराव्याच्या दिवशी, पाने वाढून झाल्यावर, मी ती वही काढली. कशाला, ते मला सांगता येत नाही. बहुधा तुझ्याशी भांडायलाच. गेल्या वर्षीची नोंद होती: साडेअकरा, आणि पुन्हा बारा. त्याच्या तीन ओळी वरती, चार वर्षांपूर्वीची: अकरा एकेचाळीस. माझेच अक्षर.

मी ती नोंद विसरलो होतो असे म्हणू शकलो असतो. पण विसरलो नव्हतो. त्या वर्षी नागावकरबुवांना दुपारच्या आगबोटीने रेवसला जायचे होते. त्यांनी निरूपण आटोपते घेतले आणि एकोणीस मिनिटे आधी जन्म करून टाकला. घड्याळ समोर होते, ते बरोबर होते, आणि त्यांनी ते पाहिलेही होते. मीही माझे पाहिले. उठलो नाही. घड्याळ बंडीच्या खिशात ठेवले, गुलाल लावून घेतला आणि सुंठवडा खाल्ला.

सखारामने चुकून केले तेव्हा मी चारशे लोकांत उभा राहिलो. बुवांनी जाणूनबुजून केले तेव्हा बसून राहिलो. यात घड्याळाचा संबंध कुठे आला? धोंडोपंतांनी कोपऱ्यात जे म्हटले ते मी खोडले नव्हते. नुसते "इलाज नाही" म्हणालो होतो. मी त्यांच्याच बाजूचा होतो आणि वाट पाहत होतो. रेल्वेच्या त्या घड्याळाने मला कारण दिले.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तसाच लालबागला गेलो. उन्हे अजून होती. चाळीच्या दारात सखारामची बायको तांदूळ निवडत होती. मला पाहून ती उठली, पदर सावरला आणि आत पाहून म्हणाली, "ते गिरगावातले इलेत." म्हणजे मी कोण ते त्या घरात ठाऊक होते.

सखारामने घोंगडी अंथरली, गूळपाणी दिले. तुझ्याबद्दल तो थोडे बोलला. मी तोंडपाठ करून नेलेले वाक्य म्हटले: वेळ माझी बरोबर होती, पण रीत चुकली, भर मांडवात बोलायला नको होते.

तो लगेच म्हणाला, "टायम तुमचोच बरोबर होतो, रावसाहेब. माझा घड्याळ गाडयेचा. माझ्याच ध्यानात रवला नाय. तुमी कशाक वाईट वाटून घेतास?"

इथेच उठून येता आले असते, वामन. त्याने मला मोकळे केले होते. मी भांड्यातले पाणी संपवले, भांडे खाली ठेवले आणि म्हणालो, "सखारामबुवा, अजून एक आहे." आणि त्याला ती नोंद सांगितली. अकरा एकेचाळीस, आगबोट, सगळे.

तो ऐकत राहिला. मग सावकाश म्हणाला, "त्या येळी तुमी उठलात नाय."

"नाही."

"आनी माझ्या येळी उठलात."

"हो."

"ह्या सांगूक वर्ष लागला तुमका?"

"हो."

त्याची बायको सूप घेऊन दारातच थांबली होती. सखारामने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, "माका म्हायत होता."

मला वाटले, मी नीट ऐकले नाही. "काय ठाऊक होतं?"

"ह्याच. बुवांचा, बोटीचा. वामनरावांनी सांगलेला, पावसात इल्ले तेव्हा. म्हणाले, सदून घड्याळ काढल्यान, बघल्यान, आनी परत खिशात घातल्यान. मी त्याच्या बाजूकच बसलेलो, असा वामनराव म्हणाले." तो थोडा हसला. "मी इचारलंय, मग तुमी त्येंका तसा तोंडार सांगणास कित्याक नाय? तर म्हणाले, त्याचा त्याका गावांदे. मी दाखवलंय तर तो नुसतो भांडात."

त्याचे त्याला सापडू दे. असे तू म्हणालास.

म्हणजे चौदाही वेळा हे तुझ्याजवळ होते. "माझी वेळ बरोबर होती" असे मी ऐटीत म्हणायचो तेव्हा एका वाक्यात तू मला गप्प करू शकला असतास. सगळ्या पंगतीसमोर करू शकला असतास. तू "बरं" म्हणायचास आणि मीठ वाढायला पुढे जायचास. इतकी दया माझ्यावर आजवर कुणी केली नाही, आणि ती चालू असताना मला तिचा पत्ता नव्हता.

मी सखारामला म्हणालो, "यंदा नवमीला तुम्ही या. मी फळ्यावर लिहितो."

तो म्हणाला, "नको. बुवांका तुमी शबूद दिलेलो आसा. आनी नवमीक आमच्या चाळीत माझाच भजन. सातवो दिस दिया, येतंय."

"आणि लोकांसमोर मी ते सगळं सांगेन. बोटीचंही."

"अजिबात नको," तो म्हणाला. "बुवांचा नाव जाईत. म्हातारो माणूस. माझा नाव गेला तेव्हा कसा लागता ता माका ठावक आसा."

सातव्या दिवशी ज्या गवयांचे गाणे होते त्यांना विनवून आठव्या दिवशी नेले, आणि आठव्या दिवशीचे पुराण सकाळी घेतले. ते माझे दोन बदल. मी फळा पुसत होतो तेव्हा धोंडोपंत मागे येऊन उभे राहिले. "वामन गेला, आणि आता तुम्हीही पुसापुशी करायला लागलात?" मी म्हणालो, "हो." "कुणाचं नाव?" मी लिहून दाखवले. ते बराच वेळ वाचत राहिले. नाव तर चार अक्षरांचे.

सखाराम आला. त्याचे भजन सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. मला चारचौघांत बोलता येत नाही हे तू जाणतोस. मी म्हणालो, "गेल्या वर्षी मी यांना भर कीर्तनात थांबवलं. ते मी करायला नको होतं." धोंडोपंत पुढूनच म्हणाले, "पण वेळ तर चुकली होती ना?" मी म्हणालो, "चुकली होती. तरी." आणि खाली बसलो. 

सखारामने टाळ हातात घेतले, माझ्याकडे वळून मोठ्याने विचारले, "रावसाहेब, टायम किती झालो तो एकदा सांगून ठेवा!" आणि मांडव पुन्हा हसला. यावेळी मीही हसलो. काशीवहिनी सुतकातून उठल्यानंतर पहिल्यांदाच बाहेर आल्या होत्या, बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या होत्या. त्या शेवटपर्यंत बसल्या. भजन संपल्यावर मी त्याच्या गळ्यात हार घातला तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तो कुणासाठी ते मी विचारले नाही.

तुझे बरोबर होते, वामन, हे मी इथे लिहून देतो. पांडूच्या बाबतीत, खडूच्या बाबतीत, सखारामच्या बाबतीत. पण एक वाद मी सोडत नाही, आणि आता तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून तो माझ्याकडेच राहणार. मी नुसता भांडेन असे तू त्याला सांगितलेस. भांडलो असतो, खरे आहे. तोंडावर सांगितले असतेस तर मी तुझ्या जिन्याची पायरी चढलो नसतो, ट्राममध्ये दुसऱ्या बाकावर बसलो असतो. किती दिवस? फार तर आठ. मग आलो असतो. आणि मग आपण दोघे मिळून लालबागला गेलो असतो.